उघड्या दारातली बाई

नोकरीत असताना मी पुष्कळ बायका काढल्या. त्यातल्या बहुतेकींना पाय नव्हते.

हे वाचून कुणी घाबरण्याआधी खुलासा करते. मी मोबाइल फोनवरच्या खेळांची चित्रं काढत असे. दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. तेव्हाचे फोन बटणांचे आणि पडदा आगपेटीएवढा. चित्रं, आवाज, हिशेब, सगळं धरून अख्खा खेळ चौसष्ट केबीत बसवावा लागे. त्याहून मोठा खेळ बरेच फोन घेतच नसत. केबी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढंच समजावं, की आज सकाळी तुम्हाला आलेला शुभ सकाळचा गुलाब त्यात मावला नसता.

पडद्यावरचा माणूस चालतो, तेव्हा त्याची थोडी थोडी वेगळी चित्रं एकामागून एक दाखवली जातात. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि प्रत्येक फ्रेम जागा खाते. हिरोला चालायच्या सहा फ्रेम, उडीच्या तीन, तलवारीच्या चार. मरायलाही दोन. बाईला एक. ती प्रत्येक लेव्हलच्या शेवटी हात वर करून उभी असे आणि हिरो तिला शिवला की लेव्हल संपे. चालायचं नसलं तर पाय कशाला? पायघोळ घागरा घातला की काम भागतं. स्त्रीच्या वस्तूकरणावर मी वाचनालयातून आणून थोडंफार वाचलं होतं. तिथे तो शब्द अलंकारासारखा वापरतात असा माझा समज होता. आमच्याकडे तो कारकुनी अर्थाने खरा होता. प्रोग्राममध्ये हिरोचा एक गट, शत्रूंचा एक, आणि नाणी, किल्ल्या, बदाम वगैरेंचा एक, त्याचं नाव ‘वस्तू’. बाई त्या तिसऱ्या गटात, किल्लीच्या खाली.

या धंद्यात मी आले ती कापड गिरणीतून. गिरणीच्या डिझाइन विभागात मी साड्यांचे काठ काढायची. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत जायचं, एक चौकोन म्हणजे एक दोरा. गिरणी बंद पडली. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे, मी भर घालत नाही. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, कुकरची रबरी रिंग बनवणाऱ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर मोबाइल गेमची कंपनी निघाली आहे आणि त्यांना चित्रकार हवाय, असं कळलं म्हणून गेले. मालक नाईकसाहेबांनी माझे जुने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, “हे तर पिक्सेलच आहेत.” मला पिक्सेल माहीत नव्हते, त्यांना काठ माहीत नव्हते. दोघांनी मान डोलावली आणि मला नोकरी लागली.

नाईकसाहेब माणूस चांगला, पण भव्यतेची हौस फार. व्हिजिटिंग कार्डावर ‘संस्थापक, संचालक व दूरदृष्टी प्रमुख’ असं होतं. कंपनीला वसईत कुणालाच धड उच्चारता न येणारं संस्कृत नाव. बोधचिन्ह म्हणजे उगवता सोनेरी सूर्य, त्याला किरणं, किरणांना सावल्या. प्रत्येक खेळ सुरू होताना हा सूर्य आधी उगवे. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर त्यांचंच एक वचन चौकटीत लावलेलं होतं: ‘परीक्षकाच्या होकाराविना आमचा एकही खेळ बाहेर जाणार नाही.’ भेटायला येणाऱ्याला ते वाचून दाखवलं जाई.

परीक्षक म्हणजे खेळ दिवसभर खेळून त्यातल्या चुका शोधणारी व्यक्ती. आमची परीक्षक होती फ्लोरी. वसईजवळच्या राजोडीची, बीकॉम झालेली, बावीस-तेवीसची मुलगी. फोनवर आईशी आपल्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला निम्मी कळायची. आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. नोकरी अजून कच्ची होती. महिनाअखेरीस पक्कं करायचं की नाही ते ठरणार होतं. मला ती कामाच्या वेळी मॅडम म्हणे आणि डबा खाताना काकू. प्रोग्राम लिहिणारा निनाद विरारचा. तो मला सदैव काकूच म्हणे, आणि चुकून कुणी पाहुणे आले तरी सुधारत नसे.

मुख्य प्रसंगाकडे येण्याआधी गिऱ्हाइकांबद्दल सांगायला हवं. खेळ विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून सूचना येत. निम्म्या सूचना बाईबद्दल असत आणि त्यातल्या निम्म्यांत एकच वाक्य असे, ‘जरा आकर्षक करा.’ आमची बाई चोवीस ठिपके, म्हणजे पिक्सेल, उंच. तिची कंबर पाच ठिपक्यांची. आकर्षक करायची म्हणजे कमरेचा एक ठिपका काढून वर लावायचा. एवढ्यासाठी माणसं मीटिंग घेत. एकदा एका गिऱ्हाइकाने तिचे कपडे कमी करायला सांगितले, आणि कारण मात्र तांत्रिक दिलं, की रंग वाचतील. वाईट एवढंच, की ते खरं होतं. साडीला काठ लागतो, पदर लागतो, पोलकं लागतं, प्रत्येकाचा रंग वेगळा. उघड्या अंगाला एक रंग पुरतो. साडी महाग, अंग स्वस्त. मी त्यांना कळवलं की हिरोचा अंगरखा काढला तर याहून जास्त रंग वाचतील. त्यावर उत्तर आलं नाही.

तर त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अंधेरीच्या एका कंपनीने किल्ल्याचा खेळ मागवला. दरोडेखोरांनी हिरोच्या होणाऱ्या बायकोला किल्ल्यात कोंडलं आहे, हिरो तिला सोडवतो, संपलं. मी तटबंदीसाठी वसईच्या किल्ल्यात दोन दुपारी घालवल्या आणि चांगला तट काढला. बाई नेहमीसारखी, घागरा, हात वर. शनिवारी अंधेरीचे साहेब स्वतः येऊन खेळ पाहणार आणि घेऊन जाणार होते. बुधवारी फ्लोरीने चुकांचा कागद नाईकसाहेबांच्या टेबलावर ठेवला. हिरो भिंतीत घुसतो, एका जागी पाणी लाल दिसतं, अशा नेहमीच्या चुका होत्या, आणि सर्वांत वर, ‘गंभीर’ असा शेरा मारून: ‘शेवटच्या लेव्हलला कोठडीचं दार उघडं आहे. तरीही बाई बाहेर येत नाही.’

दार उघडं होतं हे खरंच होतं. बंद दार, उघडणारं दार, अशा दोन फ्रेमना जागा नव्हती, म्हणून मी नुसती कमान काढली होती.

निनाद खुर्चीत मागे रेलून हसला. “फ्लोरी, यार, ये क्या बग है? ती वस्तू आहे. वस्तू चालत नाही.”

“मग तिला हात कशाला दिलाय? किल्लीला नाही दिला.”

नाईकसाहेबांनी आम्हा तिघांना आत बोलावलं. कागद बोटाने पुढे सरकवत ते म्हणाले, “फ्लोरी, हा दोष नाही. ती कथा आहे.”

“सर, मग कथेत दोष आहे.”

“अगं, ती वाट बघते आहे. प्रतीक्षा. यात एक काव्य आहे.”

“मी दिवसातून चाळीस वेळा तिला सोडवते, सर. काव्य पहिल्या दोन वेळेला होतं.” ती पुढे म्हणाली, “दार उघडं असून घरी थांबलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पण त्या आत काहीतरी काम करत असतात. ही नुसती हात वर करून उभी आहे.”

मला हसू आलं, आणि ते साहेबांनी पाहिलं. त्यामुळे बिघडलं असावं. त्यांचा आवाज अधिकृत झाला. “शनिवारी गिऱ्हाईक येतंय. त्याआधी तो शेरा काढ आणि होकार दे. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.”

फ्लोरीने त्यांच्या मागच्या चौकटीकडे पाहिलं. साहेबांना मागे वळून पाहायची गरज पडली नाही, वचन त्यांना पाठ होतं. तिचा होकार नसताना खेळ पाठवायचा तर चौकट उतरवावी लागली असती, आणि ती लावण्यासाठी त्यांनी विरारहून खास सुतार आणला होता.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “शेरा काढून टाक. दुसऱ्या खेळात बघू.”

“काकू, दुसऱ्या खेळात पण ती अशीच असेल. तुम्हीच काढणार ना?”

अजून डब्याची वेळ झाली नव्हती, तरी ती काकू म्हणाली. मला ते लागलं. इतकी वर्षं मी ठिपक्यांवरून भांडले होते, कंबर वाचवली होती, पदर वाचवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. बाईला पाय नाहीत हे मात्र मला जागेच्या टंचाईसारखं नैसर्गिक वाटत आलं होतं.

निनादला विचारलं, “चालायच्या सहा फ्रेम बसतील?”

“काकू, फुल आहे सगळं. एक ढग पण नाय बसणार.”

“काय काढलं तर बसतील?”

त्याने पडद्यावर कुठलं चित्र किती जागा खातं ते दाखवलं. हिरोपेक्षा, किल्ल्यापेक्षा, सगळ्या दरोडेखोरांपेक्षा मोठा होता तो कंपनीचा सूर्य. किरणांच्या सावल्यांसकट. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “ते तुमचं तुम्ही बघा हं, काकू,” म्हणत निनादने हेडफोन लावले.

गुरुवारी संध्याकाळी मी नाईकसाहेबांकडे गेले. पदराच्या गोष्टी त्यांना सांगून उपयोग नव्हता, भव्यतेच्या सांगायला हव्या होत्या. म्हटलं, “साहेब, आपल्या बोधचिन्हाबद्दल बोलायचं होतं. जुन्या, मोठ्या घराण्यांची चिन्हं बघा. एक रेघ, एक रंग. किरणं, सोनं, सावल्या हे नव्याने श्रीमंत झालेल्यांचं असतं.”

त्यांनी सूर्याकडे नव्याने पाहिलं. “म्हणजे आपला थोडा… सराफासारखा वाटतो?”

“लग्नाच्या हॉलसारखा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “साधा करा. एक रंग. प्रतिष्ठेला शोभेल असा.” मग एक डोळा उघडून म्हणाले, “ही वाचलेली जागा कुठे जाणार?”

“कथेत, साहेब.”

त्यांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण सोयीचा रस्ता मिळाला की काही न समजल्यासारखं त्यावरून चालणं हा त्यांचा गुण होता.

शुक्रवारी आमच्या वसाहतीत वीज नसे. संगणक बंद, खालची रबराची यंत्रं बंद. निनाद आला नाही. मी आलेखाचा कागद घेऊन खिडकीशी बसले, गिरणीत बसायची तशी. इतक्या वर्षांत मी चालणारी बाई काढलीच नव्हती. हिरो चालतो तो छाती काढून, हात हलवत. ते तिला लावून पाहिलं तर मिशी काढलेला हिरो दिसायला लागला. मग डोळ्यांसमोर वसईतल्या होळी नावाच्या बाजारात सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया आणल्या. डोकं जराही हलत नाही, मान ताठ, आणि सगळा वेग गुडघ्याखाली. घागऱ्यात हे दिसणार नव्हतं. म्हणून मी तिला नऊवारी नेसवली, काष्ट्याची. गिऱ्हाइकांना पाय दिसावेत अशी फार इच्छा असे, तेव्हा दिसले. घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत, चालताना.

चालणं म्हणजे काठच असतो. सहावा तुकडा पहिल्याला असा जुळला पाहिजे की सांधा दिसता कामा नये. माझे पहिले दोन प्रयत्न लंगडले. तिसऱ्याला मी कागद बोटांनी भराभर उलटले आणि बाई चालली. फ्लोरी शेजारी उभी होती. वीज नसल्यामुळे तिलाही काम नव्हतं. म्हणाली, “परत करा.” मी परत केलं. “परत.” बाकी कौतुक काही नाही, पण ती डबा खायला विसरली.

शनिवारी सकाळी निनादने फ्रेम आत घातल्या. अडचण अशी, की वस्तू गटातल्या कशालाच हलता येत नव्हतं. हलणारे गट दोनच, हिरो आणि शत्रू, आणि दोन्हीकडे तलवारी होत्या. “ढगांमध्ये टाकू का?” निनाद म्हणाला. ढग हलायचे, कुणाला लागायचे नाहीत, कुणी त्यांना मारायचं नाही. अशा रीतीने ती वस्तू होती ती ढग झाली. प्रगती म्हणतात ती बहुधा एवढ्याच पावलांनी होते.

खेळ लावला. हिरो कोठडीपाशी आला. बाई कमानीतून बाहेर पडली, सहा फ्रेमनी, न लंगडता, त्याला ओलांडून दोन पावलं पुढे गेली, वळली आणि त्याच्याकडे परत आली. नाईकसाहेब मागून बघत होते. “वा,” म्हणाले. फ्लोरी मात्र फोन नाकाशी धरून बसली होती.

“मॅडम, हिचा पदर.”

मी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. जागा वाचवायला आम्ही माणूस उजवीकडे जातानाच काढत असू. डावीकडे जायचं असलं की फोन तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करी. हिरोची तलवार त्यामुळे या हातातून त्या हातात जाई, पण त्याची दखल कधी कुणी घेतली नव्हती. आमच्या बाईचा डाव्या खांद्यावरचा पदर, ती वळली की उजव्या खांद्यावर जात होता. मराठमोळी बाहेर पडायची आणि गुजरातेतली परत यायची. हजारो साड्यांचे काठ काढलेल्या बाईने हे करावं!

“गंभीर आहे का?” साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं. साहेब तिला विचारत होते, मला नव्हे.

“हो सर. माझी आई हे बघून फोन टाकून देईल.”

डावीकडच्या वेगळ्या सहा फ्रेमना जागा नव्हती. आता सूर्यही उरला नव्हता. गिऱ्हाईक वसई स्टेशनवर उतरून रिक्षात बसलं होतं. साहेब चौकटीकडे बघत होते, निनाद माझ्याकडे, मी कागदाकडे. आणि मग ते इतकं सोपं निघालं की मला थोडी लाजच वाटली.

“निनाद, तिला वळवू नकोस.”

“म्हणजे?”

“उजवीकडे जाते ना? जाऊ दे. परत कशाला आणतोस?”

“काकू, पण हिरो डावीकडे उभा आहे.”

“राहू दे.”

अंधेरीचे साहेब गॉगल कपाळावर चढवून आले. चहा झाला, वचन वाचून दाखवण्यात आलं. त्यांनी खेळ खेळला, शेवटी फ्लोरीच्या मदतीने. बाई कमानीतून बाहेर आली, हिरोच्या पुढून गेली आणि पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे निघून गेली. त्यांनी फोनवरून मान वर केली.

“थँक्यू वगैरे नाही म्हणत?”

“जागा नव्हती,” निनाद म्हणाला.

“पण जाते कुठे?”

इथे नाईकसाहेब उभे राहिले. दूरदृष्टी प्रमुखाला साजेसा विराम घेऊन म्हणाले, “साहेब, ही आजची स्त्री आहे. आमच्या कंपनीने पहिल्या दिवसापासून हा विचार ठेवलेला आहे.” मी खिडकीबाहेर बघितलं. निनादला खोकला आला. अंधेरीच्या साहेबांनी मान हलवली, बाई छान चालते म्हणाले, आणि खेळ घेऊन गेले. सही करताना नाईकसाहेबांनी फ्लोरीला विचारलं, होकार आहे ना? ती म्हणाली, आहे. त्याच महिन्यात तिला पक्कं केलं. पत्र देताना साहेबांनी गुणवत्तेवर छोटं भाषण केलं, ते आम्ही उभ्याने ऐकलं.

तो खेळ आता कुठेच नाही. ते फोन गेले, ती कंपनीही पुढे गेली, माझ्याकडचा फोन चार्ज होत नाही. ज्या बिनपायांच्या बायका मी त्याआधी काढल्या, आकर्षक करून दिल्या, त्याही गेल्या, आणि त्यांच्याबद्दल मला चुटपुट आहे. बाजारात पाट्या घेऊन जाणाऱ्या बाया मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून बघत होते. त्या चालतात हे फ्लोरीने सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर मात्र मी एकही बाई बिनपायांची काढली नाही. जागा नसली तर हिरोची उडी कमी करायची. त्याची तक्रार कधी आली नाही. काठ काढले त्यांचा मला अभिमान आहेच, पण त्या सहा फ्रेमचा जास्त आहे.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही डबे उघडले. फ्लोरी एका हाताने सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, खात दुसऱ्या हाताने खेळ लावून बसली होती. बाई बाहेर आली, निघून गेली. फ्लोरीने हिरोला तिच्या मागे नेलं. पडद्याच्या कडेशी तो अडखळला आणि जागच्या जागी पाय हलवत राहिला.

“निनाद, हा अडकला.”

निनादने घास तोंडात ठेवून पाहिलं. “अरे हो. लेव्हलच्या टोकाला भिंत आहे, दिसत नाही ती. हिरो आणि शत्रूंसाठी. ढगांना नसते.” किती काम पडेल ते त्याने मनात मोजून पाहिलं असावं, कारण चेहरा पडला. “काढता येईल, पण सोमवारी. खेळ तर गेला.”

फ्लोरी बटण दाबून होती. हिरो सहा फ्रेमनी चालत होता आणि किल्ल्यातच होता.

नाईकसाहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. “काय झालं? काही दोष आहे का?”

फ्लोरीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“नाही सर,” ती म्हणाली. “ती कथा आहे.”